आधी फ्लेक्स उतरवा

गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयात गेले होते. कपड्यांच्या कचऱ्यावर मुले प्रदर्शन मांडत होती, मांडणी चालू असतानाच येऊन बघून जा, असा निरोप होता. फाटकावर वीस फुटी फ्लेक्स. 'कपडे वाचवा, वसुंधरा वाचवा.' खाली फोटोंची रांग. खिळ्याला लागून त्याचा एक कोपरा फाटला होता. मी तो हातात धरला आणि मुलांना जवळ बोलावले. फाटलेल्या जागी बारीक पांढऱ्या धाग्यांची जाळी दिसत होती. ती जाळी पॉलिएस्टरची, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर. म्हणजे फ्लेक्स हेही कापडच. त्यातला धागा आणि त्यावरचे प्लॅस्टिक वेगळे करणे एकाही भंगारवाल्याला जमणारे नाही. प्रदर्शन संपले की तो कुणाच्या तरी पत्र्यावर ताडपत्री म्हणून जाईल आणि दोन पावसाळ्यांनी उकिरड्यावर. पहिली सूचना मी तिथेच दिली: आधी हा फ्लेक्स उतरवा.

आत वर्तमानपत्राचा घागरा घातलेला पुतळा होता. शेजारी बाटल्यांच्या झाकणांचे जाकीट. मुलांनी रात्र जागून केलेले काम होते, मेहनत दिसत होती, म्हणूनच जास्त वाईट वाटले. वर्तमानपत्राचा घागरा कुणी घालत नाही, त्यामुळे कपड्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि पुढे सरकतात. अशा प्रदर्शनांतून हा घागरा आता कायमचा हद्दपार करायला हवा.

भिंतीवर तक्तेच तक्ते. मोजले, अडतीस. बेव्हर्ली सेरेल या अमेरिकी संग्रहालय-अभ्यासक बाईंनी शंभरावर प्रदर्शनांत प्रेक्षक कुठे थांबतात, किती वेळ थांबतात, हे टिपले आणि १९९८ मध्ये छापले. विषय कोणताही असो, बहुतेक प्रदर्शनांत माणूस वीस मिनिटांपेक्षा कमी थांबतो. वीस मिनिटांत अडतीस तक्ते कोण वाचणार? आणि वाचले तरी त्यांत होते काय? 'एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते.' हा आकडा जगभर फिरतो, आपल्याकडेही प्रत्येक तक्त्यावर असतो. तो जागतिक सरासरीचा आहे आणि त्यात शेतावर पडणारा पाऊसही धरलेला आहे, हे कुणी लिहीत नाही. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या वावरात कॅनॉल नाही, विहीर असली तर मार्चमध्ये आटते. त्याच्या पोरीने हा तक्ता वाचला तर तिला वाटेल की पाण्याचा चोर तिचा बाप आहे. आकडा कुठून आला आणि कुणावर बोट दाखवतो, हे विचारल्याशिवाय भिंतीवर लावू नये. दुसरी सूचना: हा तक्ता काढा, नाहीतर त्याच्याखाली पावसाचा हिशेब लिहा.

प्रदर्शन बघून माणूस बाहेर पडेल तेव्हा त्याच्यात काय बदललेले असावे, असे मी मुलांना विचारले. एकाने चटकन उत्तर दिले, "जनजागृती, मॅडम." हा शब्द मी त्या खोलीपुरता बंद केला. जागे होऊन पुढे त्याने हातांनी काय करायचे, ते सांगा. कुणीच बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "आपल्या अंगावर काय आहे, एवढं तरी कळायला पाहिजे." इथून खरे काम सुरू झाले.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि वाळूने भरलेली ताटली आणली. सर सोबत होते. आधी जुन्या सुती धोतराची दशी धरली. पिवळी ज्योत, जळक्या कागदाचा वास, ज्योत बाजूला केली तरी धुमसत राहिलेला लालसर ठिपका, आणि शेवटी बोट लागताच फुंकर मारल्यासारखी उडणारी राखाडी राख. मग ओढणीचा धागा. तो ज्योतीपासून आधी मागे सरला, आखडला, वितळला, काळा धूर सोडला आणि टोकाला काळा, टणक मणी धरला. मुलांनी तो थंड झाल्यावर नखाने दाबून पाहिला. फुटला नाही. नंतर एका मुलाने आपल्या शाळेच्या जुन्या गणवेशाच्या शर्टाची किनार कापून दिली. ती कापसासारखी पेटली, आणि राखेत हात घातला तर बारीक बारीक खडे. सगळे गप्प झाले. दहा वर्षे जो शर्ट सुती समजून घातला, त्यात हे खडे होते.

शेवटी मी माझ्या सुती कुर्त्याच्या शिवणीतला एक टाका उसवून दिला. लेबलावर शंभर टक्के सुती लिहिलेले. धाग्याने मणी धरला. शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो, हे शिंप्यांना माहीत आहे, आपल्याला नसते.

असा दिवा आणि अशी ताटली अडतीस तक्त्यांच्या जागी ठेवा. माणूस तिथे थांबेल. स्वतःच्या ओढणीची दशी ओढून देईल.

गणवेशातल्या त्या खड्यांची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. त्याचे नाव टेरिलीन. त्याला कापसाची जोड दिली की टेरिकॉट, साधारण दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग सूत. आपल्या घराघरांतल्या बाप्यांनी ते मिरवले. चुरगळत नाही, लवकर वाळते, इस्त्रीचा खर्च वाचतो, वर्षानुवर्षे फाटत नाही. गरिबाच्या संसाराला हे मोठेच सुख होते आणि त्याची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही. पण दोन धागे एकात पिळले की ते सुटे करणे महाकठीण. कापूस कुजतो, पॉलिएस्टर कुजत नाही. कापूस पिंजून पुन्हा कातता येतो, पॉलिएस्टर वितळवून पुन्हा ओढता येते, पण दोघे एकत्र आले की दोन्ही वाटा बंद होतात. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ च्या अहवालात मांडले की कपडे बनवायला लागणाऱ्या मालापैकी एक टक्काही पुन्हा कपडा होऊन परत येत नाही. त्यामागची एक मोठी गाठ ही आहे.

दुकानातल्या 'रिसायकल्ड' लेबलाबद्दलही मुलांनी एक ओळ लिहावी असे मी सांगितले. रिसायकल्ड पॉलिएस्टरचा टी-शर्ट जुन्या टी-शर्टांपासून बनत नाही. तो जवळपास नेहमीच पाण्याच्या बाटल्यांपासून बनतो. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा शर्ट झाला की त्या शर्टाचे पुढे बहुधा काहीच होत नाही. जुना शर्ट जिथल्या तिथेच राहतो. हे लेबल वाचून ज्यांनी समाधानाने पैसे मोजले, त्यांची फसवणूक झाली आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मग जुने कपडे जातात कुठे? याचे उत्तर आपल्या देशात आहे, पानिपतात. पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. पण आज त्या गावात युरोप-अमेरिकेतले टाकून दिलेले कोट, स्वेटर आणि पँटी येऊन पडतात. आपल्या बाजारात ते कपडे म्हणून विकले जाऊ नयेत म्हणून ते आधी पात्याने फाडले जातात. धडधाकट, बटण न तुटलेला लोकरी कोट सुद्धा. विळीसारखे पाते उभे रोवून त्याच्यापुढे बायका बसतात, कपडा त्याच्यावर ओढतात, बटणे, चेन, अस्तर, लेबल वेगळे करतात. मग रंगांचे ढीग लागतात: लाल, निळा, काळा, खाकी. रंग आधीच निवडला असल्यामुळे पुन्हा रंगवावे लागत नाही, यात या धंद्याची सगळी हुशारी आहे. दातेरी रोलरांची यंत्रे त्या चिंध्या पिंजतात, त्याचे सूत होते, सुताच्या घोंगड्या. इंग्रजीत ज्या मालाला शॉडी म्हणतात तो हा. १८१३ मध्ये यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने तो पहिल्यांदा काढला. भूकंपात, पुरात मदत म्हणून वाटली जाणारी कांबळी बरीच वर्षे पानिपतातून जात होती. आता पॉलिएस्टरच्या मऊ, स्वस्त ब्लँकेटांनी तो बाजार खाल्ला आहे. तिथल्या पिंजण-खात्यांत धुरळा एवढा असतो की बायका पदराने नाक-तोंड बांधून काम करतात, आणि सूत पांढरे करण्याच्या कारखान्यांचे रसायनी पाणी नाल्यांत उतरते. हेही प्रदर्शनात लिहायचे.

मेघना गुप्ता यांचा 'अनरॅव्हल' नावाचा २०१२ चा छोटा माहितीपट आहे, चौदा मिनिटांचा. त्यात पानिपतच्या या बायका आपसांत नवल करतात की इतके चांगले कपडे हे लोक टाकतात तरी का. त्यांना वाटते, तिकडे पाणी महाग असावे, धुणे परवडत नसेल, म्हणून घालून टाकून देत असतील. प्रदर्शनात एका पडद्यावर तो रीतसर परवानगी काढून सतत चालू ठेवा. कोणत्याही तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा त्या बायकांचा हा अंदाज जास्त खोल जातो.

आणि एक शॉडीची घोंगडी मिळवा. ती काचेत ठेवू नका, हातात द्या. लांबून ती करडी दिसते. तिचा एक धागा उसवून पांढऱ्या कागदावर ठेवला की त्या करड्यात लाल, हिरवे, जांभळे केस दिसतात. कुणाचा स्वेटर, कुणाचा मफलर. एक भिंग शेजारी ठेवले की पुरे.

आता आपल्या दारातले माणूस. बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडे, दुपारच्या वेळी जिन्यात हाक. आमच्याकडे यायची ती कपडा कधी घडीवर घ्यायची नाही. उलगडून उजेडाकडे धरायची. उजेड कुठून जास्त येतो ते बघून विरलेली जागा सांगायची. शर्टाची काख, पँटची बैठक, कॉलरची आतली बाजू, साडीचा फॉल जिथे लागतो ती पट्टी, एवढ्या चार ठिकाणी बोट फिरवले की तिचा भाव ठरलेला. आई म्हणायची, "अगं, नवीनच आहे की." ती म्हणायची, "ताई, नवी असती तर दिली असती का?" पँट बाजारात धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकली जायची. अगदीच गेलेले सुती कापड गॅरेजमध्ये आणि छापखान्यात पुसायला. पॉलिएस्टर तिथे कुणी घेत नाही, कारण ते तेल पीत नाही. भिंग, तराजू, प्रयोगशाळा यांपैकी काहीही जवळ नसताना ही बाई हजारो घरांतला कपडा निवडत होती, प्रतवारी लावत होती आणि योग्य जागी पोचवत होती. एवढे कसब असलेल्या बाईशी आपण पातेल्यासाठी दोन साड्यांवरून घासाघीस केली.

आता ती फारशी दिसत नाही. सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी अडवतो. मग कपडा ओल्या-सुक्या कचऱ्यात जातो. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावात कापड नाही. कागदाला भाव आहे, काचेला आहे, पत्र्याला आहे. उष्ट्यात भिजलेल्या कुर्त्याला किलोला कुणी रुपया देत नाही, म्हणून तो कुणी वेचतही नाही. भारतात दरवर्षी साधारण ७८ लाख टन कापडकचरा गोळा होतो, असे फॅशन फॉर गुड या संस्थेने २०२२ मध्ये मोजले, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त आपल्याच घरांतून निघतो. आयात होऊन येणारा फक्त सात टक्के. म्हणजे पानिपतचे ढीग बघून युरोपला नावे ठेवून आपले काम संपत नाही. आपली कपाटे आपलीच आहेत.

मुलांनी दारात एक पेटी ठेवली होती, 'जुने कपडे दान करा.' ती मी हलवायला सांगितली. का, म्हणून मुले हिरमुसली. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेले कपडे रस्त्याकडेला ढिगांनी पडून होते. कोळ्यांच्या बायकांना त्यांचा उपयोग नव्हता. अंशू गुप्ता यांच्या गूंज संस्थेने ते उचलले, निवडले, कामी आणले. त्या निवडण्याला माणसे लागतात, जागा लागते, पैसे लागतात. घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात आठवड्याला दीड कोटी जुने कपडे येतात, असा तिथे काम करणाऱ्या ऑर फाउंडेशनचा अंदाज आहे. तेही कुणीतरी कुठल्यातरी पेटीत चांगल्या मनाने टाकलेले असतात. न विकलेला पुष्कळ माल गटारांतून समुद्रापर्यंत जातो. पेटीत कपडा टाकला की हात मोकळे होतात आणि कपाटात जागा होते. त्या जागेत दिवाळीला नवे येते. पुढे कुणाला द्यायचे, कोण निवडणार, उरलेले कुठे जाणार, हे ज्याने ठरवलेले नाही त्याने पेटी ठेवू नये.

पेटीच्या जागी आम्ही वजनकाटा ठेवला. वर्गातल्या प्रत्येकाने वर्षभरात एकदाही न घातलेले आपले कपडे घरून आणायचे, वजन करायचे, आकडा पाटीवर खडूने लिहायचा आणि कपडे परत घरी न्यायचे. परत न्यायचे, हे महत्त्वाचे. एक मुलगा सव्वासहा किलो घेऊन आला. ओझे वाहून परत नेताना त्याचा चेहरा मी पाहिला, आणि मला वाटते त्या प्रदर्शनातला सगळ्यात चांगला देखावा तोच होता.

गोधडीबद्दल थोडे. मुलांना ती ठेवायचीच होती आणि ठेवावीच. पण तिच्यावर 'आपली समृद्ध परंपरा' असे लिहिलेले मी खोडले. माझ्या आजीने गोधडी शिवली ती कापड मिळत नव्हते म्हणून. लुगडे मधे विरले की विरलेला भाग कापून, धड बाजू जोडून दंड घालायचे. तेही विरले की जुनेर. जुनेराचे बाळाला दुपटे, मग गोधडीचा थर, मग चुलीजवळचे फडके, मग पोतेरे. यातली प्रत्येक पायरी गरजेची होती, आणि प्रत्येक पायरीवर एक बाई डोळे बारीक करून टाके घालत होती. ते कष्ट कुणी परत मागू नयेत. मला त्यातले एकच हवे आहे: आपल्या हाती असलेल्या कापडाची खडानखडा माहिती. आजीला तिच्या चारही लुगड्यांचा इतिहास तोंडपाठ होता. माझ्या कपाटात किती कुर्ते आहेत ते मला मोजावे लागले. गोधडीच्या पाटीवर मुलांनी तिच्या प्रत्येक तुकड्याचे मूळ लिहिले: आत्याच्या लग्नातला परकर, आजोबांचे धोतर, पोत्याचे अस्तर. चाळीस शब्द झाले. तेवढेच पुरे.

शेवटच्या टेबलावर शपथेची वही होती. 'मी कमी कपडे घेईन' आणि खाली सही. ती वही उचलून आम्ही तिथे शिलाई मशीन ठेवले. बाजाराच्या कोपऱ्यावर झाडाखाली बसणारा अल्टरवाला एका दिवसासाठी यायला तयार झाला. मुलांनी आधी त्याला 'सन्मानचिन्ह' द्यायचे ठरवले होते. मी म्हटले, त्याची दिवसाची कमाई विचारा आणि ती रोख द्या, आणि मग हवे तर नारळ द्या. येणाऱ्याने तुटलेले बटण, उसवलेली शिवण, अडकलेली चेन घेऊन यायचे, त्याच्याजवळ बसायचे आणि स्वतः लावून बघायचे. फ्रान्समध्ये २०२३ मध्ये कपडा दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलात सूट द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे दुरुस्ती करणारा माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, त्याच्याकडे जाणारा कमी झाला आहे.

शाळा-महाविद्यालयांचे उपक्रम आता सुरू होतील, अंदाजपत्रके मांडली जातील. असे प्रदर्शन तुम्ही भरवणार असाल तर एवढे करा: अल्टरवाल्याची आणि बोहारणीची दिवसाची मजुरी पहिल्या ओळीत लिहा, स्वयंसेवकांच्या नव्या टी-शर्टांची ओळ खोडा, आणि फ्लेक्सचीही.